उंबऱ्यावरचं गिऱ्हाईक

“इंदूकाकू, दात दिसले पाहिजेत,” निरंजन म्हणाला.

मी गादीवरची पांढरी चादर ताणून बसवत होते. म्हटलं, “कुणाचे? माझे, का गिऱ्हाइकाचे?”

“तुमचे. कॅमेरा ओठ मोजत नाही, दात मोजतो. ओठातल्या ओठात हसलात की तो तिथं शून्य मांडतो.”

“माझ्या दोन दाढा पडल्यात. त्याचे मार्क कापणार का?”

एरवी हसला असता. लहानपणी ह्याच गादीवर लोळून साड्यांच्या घड्या विसकटायचा आणि मी डोळे वटारले की आप्पांच्या धोतरामागं लपायचा. पण त्या सकाळी त्याचं माझ्याकडं लक्षच नव्हतं. घटकेघटकेला मान वर करून माडीवरच्या काचेच्या केबिनकडं बघत होता.

बार्शीच्या पेठेत हावळे साडी सेंटर कुठं आहे असं विचारणारा माणूस त्या काळात बार्शीचा नसायचाच. तीन तालुक्यांतले लग्नाचे बस्ते आमच्याकडं बांधले जायचे. आप्पा हावळ्यांनी दुकान उभं केलं आणि गुडघे धरले तेव्हा ते निरंजनच्या, म्हणजे एकुलत्या एका पोराच्या, हातात दिलं. तेव्हापासून आप्पा गल्ल्यामागच्या खुर्चीत बसून असायचे. गल्ल्यात काही नसायचं, सगळं मोबाईलवर जमा व्हायचं. पण म्हातारा सवयीनं त्या रिकाम्या पेटीवर हात ठेवून बसायचा, आणि पान खायचा.

निरंजननं पुण्याहून ते यंत्र आणलं. दारात कॅमेरा, गादीच्या डोक्यावर कॅमेरा, पाठीमागं भिंतभर पडदा. प्रत्येक साडीच्या पदरात शिवलेली एक चिप, आणि दारात दोन खांब. बिल न होता साडी बाहेर निघाली की खांब बोंबलणार. फळीवर साडीखाली भावाची छोटी पाटी, तिच्यावरचा आकडा मनाला येईल तसा वरखाली व्हायचा. आणि आमच्या कानात एक बोंडूक. त्यातून एक बाई बोलायची, गुळाच्या पाकातून काढल्यासारखा आवाज. आम्ही सगळ्या तिला ‘कानातली’ म्हणायचो. गिऱ्हाईक दारात आलं की कानातली सांगायची, हा कोण, मागं काय घेतलं, ह्याला काय आवडतंय, ह्याच्या खिशाला किती झेपेल. तिला माणसाचा चेहरा वाचता येतो म्हणे. आता चेहरा आम्हीही वाचतो, त्याशिवाय साडी विकली जात नाही. पण आम्ही वाचलेलं गिऱ्हाइकाबरोबर दाराबाहेर जायचं. तिनं वाचलेलं तिच्यापाशी राहायचं.

हे सगळं बसवून देणारा पोरगा अन्वय देवस्थळी. वागायला इतका गोड, की बोलायची सोय नाही. येता-जाता वाकून नमस्कार करायचा. मला त्याच्या त्या वाकण्याचीच शिसारी यायची.

“श्रोत्रीसाहेब आलेत वर,” निरंजन खालच्या आवाजात म्हणाला. “पैसे लावणार आहेत. आजचा दिवस त्यांना पसंत पडला तर सोलापूर, लातूर, पंढरपूर धरून पाच दुकानं होतील. काकू, मी तुम्हाला स्पष्ट सांगतो, मागाहून रुसवा नको. महिनाभर तुमचा आकडा सगळ्यांत खाली आहे. यंत्र सांगतं ते तुम्ही बोलत नाही. आजही तसंच केलंत, तर एक तारखेपासून तुम्ही गोडाऊनला घड्या घालायला. गादीवर दुसरी मुलगी बसेल.”

“आप्पांना विचारलंस?”

“आप्पांना कशाला त्रास द्यायचा,” असं म्हणून तो माडीवर निघून गेला.

गादी म्हणजे काय ते बाहेरच्याला कळणार नाही. मी ह्या दुकानात आले ती मागच्या बोळात फॉल-पिकोच्या मशीनवर. गादीवर तेव्हा पुरुषच बसायचे. आप्पांच्या एक दिवस ध्यानात आलं, की बायका साडी पसंत करतात आणि अंगावर धरून बघायची म्हटलं की बावचळतात. त्यांनी मला बोळातून हाक मारली आणि म्हणाले, “इंदूबाई, वर बसा.” सगळी पेठ हसली. हावळ्यानं गादीवर बाई बसवली म्हणून चहाच्या गाड्यावर टिंगल झाली. तेव्हापासून वीस-बावीस वर्षं मी त्या गादीवर होते. पेठेत बायका मला ओळखायच्या त्या हावळ्यांची इंदूकाकू म्हणूनच. नवरा गेला तेव्हा तेरावा झाल्याबरोबर मी त्याच गादीवर येऊन बसले आणि तिनंच मला सावरलं. ती गादी सोडून गोडाऊनच्या अंधारात मला जायचं नव्हतं. म्हणून ठरवलं, आजचा दिवस कानातली म्हणेल तसं वागायचं. दात तर दात.

पहिलं गिऱ्हाईक आलं सासू आणि दोन सुना. धाकटीच्या बाळाचं बारसं होतं, मोठी नुसती सोबतीला आलेली. कानातली लागलीच बोलली, “उजवीकडील ग्राहकाला मूल नाही, अशी शक्यता आहे. तिला दुर्लक्षित वाटत आहे. तिला आधी विचारा. महाग साडी तिच्यासमोर ठेवा.”

मी दात दाखवले. मोठीला म्हटलं, “तुम्ही बघा की ताई, तुमची पसंती चांगली दिसतेय.” तिचा चेहरा असा उजळला, की मला तिच्याकडं बघवेना. तिनं एका निळ्या पैठणीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. दुसऱ्यांदा हात लागला तसा माझ्या डोळ्यांदेखत पाटीवरचा आकडा वर चढला. सासू म्हणाली, “हिला कशाला आत्ता?” आणि धाकटी बोलून गेली, “घेऊ द्या की आत्या, तेवढंच तिला.” त्या ‘तेवढंच’वर मोठीनं पर्समधून स्वतःचे पैसे काढले.

“छान विक्री,” कानातली म्हणाली. “हसू असंच ठेवा.”

शी. यंत्र खोटं बोललं असतं तर मी त्याला शिव्या घालून मोकळी झाले असते. ते खरं बोललं होतं. त्या बाईची दुखरी जागा त्यानं दारातच हुडकून काढली आणि माझ्या हातानं तिथं बोट खुपसलं. मी पाणी प्यायले, तरी तोंडाची चव जाईना. वर काचेआड निरंजननं मला अंगठा दाखवला.

आता पुढचं सांगण्याआधी आमच्या पेठेतली एक रीत सांगते. सवाष्ण बाई गेली, की तिला माहेरचं हिरवं लुगडं नेसवून पोचवतात. ते न्यायला आलेला माणूस चपला काढत नाही, आत येत नाही, बसत नाही. उंबऱ्यावर उभा राहून नुसतं “एक हिरवं द्या” म्हणतो. कुणासाठी, कसं, काही विचारायचं नाही. घडी मोडायची नाही, भाव सांगायचा नाही. गादीवरून उतरायचं, अनवाणी उंबऱ्यापर्यंत जायचं आणि दोन्ही हातांनी द्यायचं. तो देईल ते घ्यायचं, नाही दिलं तर मागायचं नाही. आणि “या” म्हणायचं नाही. हे कुणी कुणाला शिकवत नाही, बघून येतं. निरंजनला ठाऊक नव्हतं असं कुणी म्हणू नये. आप्पा असे गादीवरून उतरले की हातातला खेळ टाकून तोही गप उभा राहायचा, मी स्वतः बघितलंय.

अकराच्या सुमाराला दारात एक माणूस येऊन थांबला. धुळीनं माखलेलं धोतर, डोक्याला टोपी नाही. पायात चपला तशाच. उन्हाच्या बाजूला उभा होता म्हणून मला आधी चेहरा दिसला नाही.

“एक हिरवं द्या,” तो म्हणाला.

माझे हात थांबले. तेवढ्यात कानातली बोलली, “स्वागत करा. नामदेवजी बारबोले, पांगरी. मागील खरेदी, लग्नाचा बस्ता.”

मग मला ओळख पटली. मागल्या उन्हाळ्यात सगळं घरदार घेऊन बस्ता बांधायला आले होते. पोरीचं नाव कल्याणी. बापाला रंगातलं काही कळत नाही म्हणून दिवसभर त्यांना चिडवत होती, आणि हे आपले हसत सगळ्या दुकानाला चहा पाजत होते.

“मुलगी कल्याणी, सातवा महिना,” कानातली सांगत होती. “हिरवी साडी. डोहाळजेवणाची शक्यता खूप जास्त. अभिनंदन करा. हसा.”

कल्याणीनं दोन-अडीच महिन्यांपूर्वी दुकानाच्या ॲपवरून सैल गाऊन मागवले होते, त्यावरून यंत्रानं हिशेब जुळवला होता. हे मला मागाहून कळलं. तेवढ्यात पाठीमागच्या पडद्यावर सनई सुरू झाली. भिंतभर एक पाळणा हलायला लागला, फुलं पडायला लागली आणि वर मोठ्या अक्षरांत आलं, ‘अभिनंदन नामदेव आजोबा’.

दुकानातल्या चार-सहा बायका कौतुकानं त्यांच्याकडं वळल्या. एकीनं टाळ्याही वाजवल्या.

बारबोले पडद्याकडं बघत राहिले. बराच वेळ त्यांना ते वाचताच येत नव्हतं असं वाटलं. मग माझ्याकडं बघून अगदी साध्या आवाजात म्हणाले, “पुढल्या गुरुवारीच धरलं होतं, काकू. मंडपवाल्याला सांगूनबी ठिवलं होतं.”

टाळ्या वाजवणाऱ्या बाईनं तोंडाला पदर लावला.

“डोळ्यांत पाणी,” कानातली म्हणाली. “आनंदाश्रू. ग्राहक भाव करत नाही. ग्राहक घाईत आहे. सवलत देऊ नका. हिरवा चुडा, फुलांचे दागिने आणि पाळणा सुचवा.”

हिरव्या साड्यांच्या फळीवरचे आकडे एकामागून एक वर चढत होते. मी हात लावायच्या आधीच.

मी जिन्याकडं बघितलं. निरंजन अर्ध्या जिन्यात येऊन थांबला होता. त्याला सगळं दिसत होतं. बारबोल्यांच्या पायातल्या चपला त्याला दिसत होत्या. मला वाटलं, आता पोरगा खाली येईल, पडदा बंद करेल, हात जोडेल. कानात खरखर झाली आणि त्या बाईच्या जागी त्याचाच आवाज आला.

“काकू, कळलंय मला. पण आत्ता थांबू नका. श्रोत्री बघताहेत, त्यांना कुठं ह्यातलं काय माहिती. दोन मिनिटं नेहमीसारखं चालू द्या. हसून द्या साडी. खाली उतरू नका, गादी सोडली की यंत्र विक्री गेली असं धरतं. प्लीज काकू. तुमच्यासाठीच सांगतोय.”

बोलताना तो बारबोल्यांकडं बघत नव्हता. काचेकडं बघत होता.

मला किळस आली. आळी पडलेल्या भाताचा घास तोंडात गेल्यावर येते तशी, सगळं अंग आकसून. हाच पोरगा माझ्या मांडीवर झोपायचा, ते आठवून तर जास्तच आली. मी कानातलं बोंडूक उपसलं आणि आप्पांच्या पिकदाणीत टाकलं. त्या पिंकेत ते बुडलं आणि तरी त्यातून बारीक आवाज येतच होता, हसा म्हणून.

मग फळीवरचं एक हिरवं काढलं, घडी न मोडता. गादीवरून उतरले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि दोन्ही हातांनी पुढं धरलं. बारबोल्यांनी ते कपाळाला लावलं, खिशातून हाताला लागलं ते माझ्या ओंजळीत ठेवलं आणि पाठ फिरवली.

दारातले खांब बोंबलले. असला कर्कश आवाज, की रस्त्यावरची माणसं थबकली. खांबांवरचे लाल दिवे फिरायला लागले. दारावरचा रखवालदार एजन्सीकडून आलेला, परमुलखातला, त्याचा तरी काय दोष. त्यानं बारबोल्यांचा दंड धरला. “चाचा, बिल दिखाओ.”

बारबोले गडबडले. भोवती माणसं जमलेली बघून त्यांनी ते हिरवं दोन्ही हातांनी परत पुढं केलं. “घ्या, घ्या ओ. म्या चोर न्हाय. पांगरीचा हाय म्या.”

पोरीचं शेवटचं लुगडं आणि बाप ते परत करत होता, चोर नाही हे दाखवायला.

चिप पदराच्या आत शिवलेली. ती काढायची तर घडी मोडायला हवी, आणि ती घडी मी काही मोडणार नव्हते. मी जिन्याकडं वळून म्हटलं, “निरंजन, बंद कर ते.” त्याच्या मोबाईलवर सगळं होतं, नुसतं बोट लावायचं होतं. त्याचं बोट मोबाईलवर होतंही. पण नजर वर, काचेकडं.

“निरंजन,” ह्या खेपेला आप्पा बोलले.

“आप्पा, एक मिनिट. मध्येच बंद केलं की वर सगळं दिसायचं बंद होतं.”

आप्पा उठले. काठी घेतलीच नाही. ज्या माणसाला संडासाला जायचं तर दोघांनी धरावं लागायचं, तो फळ्यांना धरत धरत मागच्या भिंतीपर्यंत गेला आणि त्यानं मेन स्विचचा दांडा खाली ओढला. दिवे गेले, सनई गेली, पाळणा गेला, खांब मुके झाले. रखवालदारानं आपोआप हात सोडला. बारबोले हिरवं छातीशी धरून बाहेर पडले आणि गर्दीनं त्यांना वाट दिली. आप्पा तिथंच भिंतीशी खाली बसले. मी पाणी दिलं तर म्हणाले, “इंदूबाई, मला घरी पोचवायला सांगा कुणाला तरी. इथं बसवत नाही.”

लाइट आली आणि मला माडीवर बोलावणं आलं. मी मनाशी म्हटलं, चला, गोडाऊनही गेलं. जिना चढताना मला चक्क हलकं वाटत होतं.

श्रोत्रीसाहेब उठून उभे राहिले. पांढरे केस, खादीचा झब्बा, बोलणं मऊसूत. “बसा काकू. चहा घ्या.” निरंजन कोपऱ्यात उभा होता, घाबरलेला वगैरे काही दिसला नाही. टेबलावर अन्वयचा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर बारबोल्यांचा चेहरा होता. मोठा केलेला, थांबवलेला. डोळ्यांतलं पाणी पापणीपाशी आलेलं, तिथंच थांबवलेलं.

“लाइट गेली होती ना?” मी विचारलं.

“कॅमेऱ्यांना बॅटरी असते काकू,” अन्वय म्हणाला. त्याचे डोळे चमकत होते. “तुम्हाला कल्पना नाही तुम्ही आज काय दिलंत. आमचं यंत्र हिरवी साडी म्हटलं की डोहाळजेवणच धरत होतं. हे बघा, चपला काढलेल्या नाहीत. उंबरा ओलांडलेला नाही. नजर साड्यांवर फिरत नाही, एकाच जागी आहे. हे सगळे संकेत आहेत. निरंजननं मला अर्थ सांगितला आत्ता. असा डेटा कुठं विकत मिळत नाही.”

“अशी गिऱ्हाइकं वर्षाला किती येत असतील?” श्रोत्रींनी विचारलं.

निरंजन म्हणाला, “बरीच येतात. आजूबाजूची सगळी खेडी आपल्याकडंच.”

“आणि भाव करत नाहीत म्हणालास.”

“नाही.”

“कुणीच नाही?”

“कुणीच नाही. रीतच तशी आहे.”

श्रोत्रींनी अन्वयकडं बघितलं. फार वाईट बघितलं असंही नाही, चांगला आंबा नाकाशी धरून माणूस हसतो तेवढंच. मग दोघं बोलायला लागले, मी तिथं नसल्यासारखे. साडी, चुडा, ओटीचं सामान, सगळं एकत्र बांधून. घरपोच. दवाखान्यातून नाव कळलं की तासाभरात घरच्यांना निरोप. भाषा अगदी हळवी ठेवायची. निरंजन मोबाईलवर टिपून घेत होता.

“गादी तुमचीच काकू,” श्रोत्री माझ्याकडं वळले. “तिला कुणी हात लावणार नाही. उलट पाचही दुकानांतल्या मुलींना तुम्ही शिकवायचं. कसं उतरायचं, कसं द्यायचं. तुमच्यात जो भाव आहे तो आम्हाला हवाय.”

“बघा काकू,” निरंजनला हायसं वाटलं होतं. “मी उगाच घाबरलो होतो.”

मी त्याला विचारलं, “तुझी आई गेली तेव्हा तिचं हिरवं तुझ्या मामानं कुठनं आणलं होतं, आठवतं का?”

“काकू, घरचं इथं नको.”

“तुळजापूरहून. एवढं मोठं दुकान दाजींचं, पण माहेरचं ते माहेरचं म्हणून. तिथला दुकानदार गादीवरून उतरला तेव्हा तुझा मामा त्याच्या गळ्यात पडून रडला. आम्हाला येऊन सांगत होता. त्या दुकानदारानं त्याचा फोटो काढला असता तर चाललं असतं तुला?”

निरंजननं नाकाला रुमाल लावला. क्षणभर वाटलं, लागलं वाटतं कुठंतरी. पण तो नुसता शिंकला.

“मी शिकवणार नाही,” मी म्हणाले. “आणि उद्यापासून येणारही नाही. त्या गादीवर मुलगी बसवा नाहीतर कुत्रं बसवा.”

श्रोत्रींना खरंच वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता म्हणायला हरकत नाही, आणि तेच तर घाण होतं. अन्वय मात्र समजुतीनं म्हणाला, “हरकत नाही काकू. तुम्ही आज जे केलंत ते दोन्ही कॅमेऱ्यांनी घेतलंय. यंत्राला तेवढं पुरेसं आहे.” आणि नेहमीसारखा माझ्या पायाशी वाकला. मी पाय मागं ओढले, चहा सांडला.

घरी आले, आमच्या घराच्या बोळाच्या तोंडाशी फॉल-पिकोचं मशीन टाकलं. पोट भरतंय, कुणापुढं दात दाखवावे लागत नाहीत. आप्पा त्या वर्षीच गेले. हावळ्यांची पाचाची बारा दुकानं झाली. मी त्या पेठेतून जायचं टाळते, एवढंच.

परवाच्या श्रावणात माझी जाऊ सुमन गेली. दवाखान्यातून तिला घरी आणून ओसरीत ठेवलं होतं. माहेर उमरग्याचं, भावाची गाडी वाटेत होती, त्यानं कळवलं होतं की हिरवं घेऊन निघालोय, तेवढं थांबा. आम्ही बायका सुमनच्या भोवती बसलो होतो आणि दारात एक माणूस आला. चांगला चाळिशीचा, हावळ्यांच्या नावाचा शर्ट घातलेला. त्यानं बूट बाहेर फाटकाशी काढले. अनवाणी उंबऱ्यापर्यंत आला. मान खाली. दोन्ही हातांवर हिरवं लुगडं, घडी न मोडलेलं. शब्द बोलला नाही, नुसतं पुढं धरलं. पाऊल टाकायची पद्धत, हात किती वर धरायचे, नजर कुठं ठेवायची, सगळं बरोबर. कुठंही चूक काढायला जागा नव्हती. ते माझं चालणं होतं.

दिरांनी रडत ते घेतलं. त्यांना मोबाईलवर निरोप आला होता आणि त्या दुःखात त्यांनी ‘हो’वर बोट ठेवलं होतं. मोठ्या जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, “बघ गं इंदू, कंपनी असून किती रीत पाळतात. आता भावाची वाट बघायला नको.” बायका उठल्या, पाणी तापवायला ठेवलं.

मला बोलायचं होतं.

माणूस गेला नव्हता. त्यानं खिशातून मोबाईल काढला आणि दिरांना म्हणाला, “साहेब, पोचल्याचा फोटो लागतोय. लुगडं आणि मयत एका फोटोत. त्याशिवाय वरचे मला सोडत नाहीत.”

दिरांना कळेना.

“तोंड नको,” तो अदबीनं म्हणाला. “पाय दिसले तरी चालतंय.”

दिरांनी डोळे पुसले, लुगडं तिच्या पायाशी ठेवलं आणि वाकून सुमनच्या पायांवरची चादर बाजूला केली.